रस्त्याच्या पलीकडचा बर्फ

मुक्त स्पर्धा हा राष्ट्राचा श्वास आहे, आणि जो कोणी हा श्वास कोंडेल, मग तो कितीही बडा असो, त्याला कायद्यापुढे मान झुकवावीच लागेल, असं यरुशलेमहून आलेल्या यिगाल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तो उठला, तेव्हा त्याची पँट मागून पार भिजलेली होती. आल्या आल्या तो दाराजवळच्या गोणपाटावर बसला होता आणि गोणपाटाखाली अर्धी लादी बर्फ होता. अबाजी झिराडकरांना ते तो बसतानाच दिसलं होतं. पण सरकारी माणसाला ‘ऊठ’ कसं म्हणायचं, आणि तेही तो राष्ट्राच्या श्वासाविषयी बोलत असताना, या संकोचात सगळी भेट उरकली. यिगालनेही काही दाखवलं नाही. हात मागे धरून, पाठ भिंतीकडे ठेवत तो सभ्यपणे दारापर्यंत गेला. पुढे कितीतरी महिने कायदा म्हटलं की अबाजींना आधी ती ओली पँट आठवायची आणि हसू यायचं.

त्रेसष्ट सालचा उन्हाळा होता. इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोनात बर्फ विकणारे दोघंच. एक अबाजी, दुसरे एलोजी पेणकर, अबाजींचे साडू. सकाळी बीरशेबाहून लॉरी यायची, लाद्या उतरायच्या, दोघं आपापल्या खेचराच्या गाडीवर त्या रचायचे, वर भुसा आणि गोणपाट टाकायचे, आणि मोठ्या रस्त्याशी आले की एक डावीकडे वळायचा, एक उजवीकडे. रस्त्याच्या अलीकडची शिकूनं, म्हणजे सरकारने एका साच्यातून काढलेल्या त्या करड्या चाळी, अबाजींची, पलीकडची एलोजींची. यिगालचा प्रश्न एवढाच होता की हे असं का. तुमच्यात काही ठरलंय का?

जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं असतं. अबाजींची धाकटी शुलामित दुभाषी म्हणून मध्ये उभी होती. एरवी ती मराठीला हिब्रूतून उत्तर द्यायची, पण त्या दिवशी तिच्या तोंडून चक्क मराठी निघालं. “बाबा, नाही म्हणा.” तिचा आवाज इतका बारीक होता की अबाजींना ती पुन्हा पाळण्यात असल्यासारखं वाटलं. पण त्यांना तो प्रश्नच लागला होता. ठरलंय का म्हणजे? आपण काय रानातून आलो? “ठरलंय तर!” ते ताठ होऊन म्हणाले. “आमच्यात आज्या-पणज्यापासून ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या गावात आपण माल घेऊन जात नाही. आणि भावपण एकच. साडूपेक्षा ज्यास्ती घेतला तर मी लुच्चा, कमी घेतला तर तो लुच्चा दिसतो. सांग त्याला.” शुलामितने सांगितलं. सांगताना काय गाळलं ते कळायला मार्ग नव्हता, पण यिगालचा चेहरा असा काही उजळला की अबाजींना वाटलं, पोराला पटलं. पोराला पटलंच होतं. नोकरीला लागल्यापासून तो मोठमोठ्या कारखानदारांच्या दिवाणखान्यांतून गार सरबत पिऊन परत आला होता. त्यांच्यातला एकही ‘ठरलंय’ म्हणाला नव्हता. आज एक माणूस छाती काढून म्हणत होता.

कायद्यात सोय होती. कायद्यात सोय असतेच. दोन व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक वाटून घ्यायचं असेल तर त्यांनी अर्ज करावा, वकील द्यावा, आणि आपलं हे वाटून घेणं जनतेच्या हिताचं कसं, ते न्यायमंडळापुढे पटवावं. बर्फाच्या कारखानदारांच्या संघाने ते पटवलं होतं, असं यिगालनेच निर्मळ मनाने सांगितलं. सगळ्यांनी एक भाव ठेवायचा, एकमेकांच्या मुलखात लॉरी पाठवायची नाही. “मग आमचंपण तेच आहे की,” अबाजी म्हणाले. यिगालने मान हलवली. तेच होतं. फक्त त्यांना मंजुरी होती. अबाजींनी मंजुरीसाठी वकील लावावा, नाहीतर उन्हाळा संपायच्या आत एकमेकांशी स्पर्धा सुरू करावी. नाहीतर दंड, आणि दंडावर भागलं नाही तर कोठडी. “विचार त्याला,” अबाजी शुलामितला म्हणाले, “हा कायदा लग्न लावणाऱ्यांना लागतो का?” कारण त्या साली हिंदुस्थानातून आलेल्या आपल्या लोकांचं लग्न दुसऱ्या यहुद्यांत ठरलं की आजीच्या आजीपर्यंत चौकशी चाललेली, आणि लग्न लावणाऱ्या रब्बींचं ते दुकानही देशात एकच होतं. शुलामितने ते हिब्रूत केलं नाही. तिचं स्वतःचं तसंच एक काही चाललं होतं.

दुपारी खेचरामागून चालताना अबाजींच्या डोक्यात कोकणातल्या झिराडचा, बापाचा तेलाचा घाणा फिरायला लागला. ऊन असं होतं की चाळींच्या भिंती हलल्यासारख्या दिसत होत्या. गाडीच्या फळ्यांतून बर्फाचं पाणी गळत होतं आणि जमिनीवर पडायच्या आत नाहीसं होत होतं, तरी नाकात पेंडीचा वास आला, कोमट, जड, डोळे बांधलेल्या बैलाच्या घामात मिसळलेला. शनिवारी घाणा बंद असायचा आणि त्या बंद घाण्याची शांतता सगळ्या आळीत कळायची. म्हणून तर गाव त्यांच्यासारख्या यहुद्यांना शनवार तेली म्हणे. एकदा बाप अलिबागेला गेला असताना खाडीपलीकडची एक बाई धावत आली होती. पोर भाजलं होतं की काय, तेल पाहिजे होतं. अबाजींनी दिलं. बाप परत आला, त्याने ऐकून घेतलं. तेवढंच तेल मापात घेतलं, मुलाचं मनगट धरलं आणि खाजणाच्या बांधावरून चालत त्याला पलीकडच्या तेल्याच्या दारात नेलं. “आमच्या हातून तुझं गिऱ्हाईक गेलं,” बाप म्हणाला आणि माप ओट्यावर ठेवलं. त्या तेल्याने ते घेतलं, आत ओतलं, रिकामं माप परत दिलं आणि गूळ-पाणी आणायला सांगितलं. परतताना बापाने मनगट सोडलं होतं. अबाजींना त्या वेळी जग चारी बाजूंनी भिंती असलेलं, पक्कं, राहण्याजोगं वाटलं होतं. इतकी वर्षं ते त्याच घरात राहत होते. मुंबईला माझगावच्या वर्कशॉपात घण मारताना, बोटीवर ओकताना, इथल्या वाळूत पहिल्या रात्री रिबेका रडत असताना, त्याच घरात. आणि आज कळत होतं की बाप गुन्हेगार होता. आजा गुन्हेगार होता. अष्टमीपासून रेवदंड्यापर्यंत पसरलेली ती एक अवाढव्य बेकायदेशीर टोळी होती, आणि राष्ट्राचा श्वास पिढ्यान्‌पिढ्या कोंडून ती शनिवारी स्वस्थ झोपत होती. फक्त यिगाल तिथे उशिरा पोचला, एवढंच.

रस्त्याच्या कडेला निलगिरीचं एक वाढता वाढता थांबलेलं झाड होतं. तिथे फेरी संपल्यावर दोघं साडू थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचे. चहा एक दिवस या घरचा, एक दिवस त्या घरचा. बायका सख्ख्या बहिणी, तेव्हा चव एकच.

“तू कबूल केलंस?” एलोजींनी कप खाली ठेवला. “मेल्या अबा, मला विचारायचंस तरी!”

“विचारलं असतं तर ठरवल्यासारखं झालं असतं.”

“मग आता?”

“भांडायचं म्हणतो कायदा.”

“कशावरनं?”

“बर्फावरनं.”

एलोजींनी कप पुन्हा उचलला. तो गडी मुळात शांत. सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणायचा तेव्हा खालचे सूर त्याच्यासारखे कुणाला लागत नसत. “ठीक आहे,” तो म्हणाला. “उद्यापासून तू माझ्या बाजूला ये. मी थोडा भाव उतरवतो. परवा तू उतरव. तेरवा मी तुझ्या बाजूला येतो आणि आपण रस्त्यात दोन शिव्या घालू. साहेबाला बरं वाटेल.”

अबाजींचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यांनी हे मोठ्या खुशीत सांगितलं, तर शुलामितने कपाळाला हात लावला. तिने कचेरीतून आणलेला तो कायदा दोनदा वाचला होता. स्पर्धा कशी करायची हे दोघांनी मिळून ठरवलं तर तेही ठरवणंच. भाव कधी उतरवायचा, कोणी आधी, हे बोलायचंच नाही. “मग त्याला कळणार कसं?” रिबेकाने पोळपाटावरून विचारलं. “कळायचं नाहीच,” शुलामित हिब्रूत म्हणाली. “तेच तर.”

अबाजींनी पुढचे काही दिवस त्या ‘तेच तर’ची उलटसुलट तपासणी केली. त्यांना फट सापडेना. एलोजीशी बर्फाविषयी बोलायचं नाही हे ठीक. पण त्या झाडाखाली बसून दुसऱ्या कशाविषयी बोलणार? दोघांच्या आयुष्यात बर्फाशिवाय काय होतं? खेचरं होती, ती बर्फ ओढत होती. गुडघे दुखायचे, ते बर्फामुळे. आणि समजा यिगालसारखा कोणी लांबून बघत असला, तर दोन माणसं झाडाखाली चहा पिताना काय बोलतात हे त्याला चहावरून कसं कळणार? एका दुपारी अबाजी झाडाशी थांबले नाहीत. मान खाली घालून तसेच पुढे गेले. मागून थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला, उघडल्याचा की लावल्याचा ते समजलं नाही.

पहिल्यांदा रस्ता ओलांडला तेव्हा खेचर मध्येच उभं राहिलं. त्याला वळायची सवय. अबाजी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “चल राजा, सरकारचा हुकूम आहे.” पलीकडची शिकूनं अगदी अलीकडच्यासारखीच होती, तीच करडी भिंत, त्याच दोऱ्यांवर तेच लंगोट वाळत घातलेले. तरी त्यांच्या पायांना जमीन निराळी लागली, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरल्यासारखी. घंटा वाजवायला हात धजेना. शेवटी टेकाडावरच्या अगदी वरच्या चाळीपाशी त्यांनी ती एकदाच, हळू वाजवली, आणि बतशेवा नावाची एक विधवा बाई खिडकीतून ओरडली, “सकाळीच बर्फ? कोण मेलं?”

ती मोरोक्कोची, जीभ तिखट. खाली आली, गोणपाट स्वतःच उचललं आणि लादीवरून हात फिरवला. धारदार कडा, आतून निळसर, वरून वाफ निघणारी. ती थोडा वेळ हात तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली की डिमोनात आल्यापासून तिने बर्फाला कोपरे असलेले पाहिलेले नाहीत. एलोजी खालून सुरुवात करतो, तिच्याकडे पोचेपर्यंत उरतो तो चोथा. भाव मात्र अख्ख्याचा. “एकदा बोलले त्याला. हसला. म्हणाला, दुसरीकडून घे. दुसरीकडून!” अबाजींनी टोच्याने पाव लादी फोडली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताने अशी सरळ भेग कधी पाडली नव्हती. भाव त्यांनी जरासा कमी सांगितला, का ते त्यांनाही कळलं नाही, आणि बाई अशी हसली की त्यांच्या मानेपासून खाली काहीतरी गोड, थंड, लाजिरवाणं उतरत गेलं.

तो गोडवा वाईट होता. तो दिवसभर उतरेना. कारण त्यामागोमाग त्यांना आपल्या बाजूची शेवटची चाळ आठवली, तिथली ती पाय ओढत चालणारी पोलिश म्हातारी, त्सिपोरा. तिच्या बर्फाच्या पेटीत आपण काय टाकत आलो? चोथाच. तीही कधीतरी काही बोलली होती. आपणही हसलोच होतो. म्हणजे ते बापाचं घर, त्या भिंती, तो गूळ आणि ते पाणी, सगळं दोन तेल्यांच्या मधलं होतं. खाडीपलीकडून धावत आलेल्या बाईचं त्यात कुठेच काही नव्हतं. तिचं तेल तिला चांगलं मिळालं की खवट, पोराचं पुढे काय झालं, बापाने विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा अबाजींच्या मनात आलं की यिगालचं बरोबर असावं. हे मनात आल्याने फार बरं वाटलं असं नाही. बापही गेला आणि मोबदल्यात हातात काय आलं, तर यिगाल.

उरलेला उन्हाळा कसा गेला ते नीट सांगता येणार नाही, कारण तो अबाजींनाही नीट आठवत नव्हता. एलोजींनी दोन दिवस वाट पाहिली, मग घंटा वाजवत अलीकडे आले आणि त्सिपोराच्या दारात अख्खी कोरी लादी उतरवली. अबाजींनी भाव पाडला. एलोजींनी पाडला. लॉरीवाल्याचा भाव मात्र जिथल्या तिथे, कारण त्याच्या कारखानदारांना मंजुरी होती. बायका खिडक्यांत उभ्या राहून दोन्ही गाड्या येईपर्यंत थांबायच्या, मग वरून विचारायच्या, “तो किती म्हणाला माहीत आहे?” आणि अबाजींना खरोखर माहीत नसायचं. सकाळी लॉरीपाशी दोघं एकमेकांच्या कोपराला कोपर लावून लाद्या उचलायचे आणि बोलायचे नाहीत. सुरुवातीला ते न बोलणं कायद्यापायी होतं. नक्की कुठल्या दिवशी ते खरं झालं, हे शोधायचा अबाजींनी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही. रिबेका आणि तिची बहीण योखेवेद यांच्यात आधी पिठाच्या चाळणीवरून वाजलं, मग मुंबईतल्या कुठल्याशा बांगड्यांवरून, ज्या दोघींच्याही लक्षात वेगवेगळ्या होत्या. हनुक्क्याच्या, म्हणजे दिव्यांच्या सणाच्या, सुमारास शुलामितच्या लग्नाचं अडलेलं मार्गी लागावं म्हणून घरी मलिदा केला, नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या नावाने. पोहे, गूळ, खजूर, आणि हैफाहून मागवलेला एक नारळ. एलोजी आले. रीत सोडवत नाही. पण भिंतीशी बसले, आणि जिथे त्यांचे ते खालचे सूर लागायचे तिथे गाणं नुसतं पोकळ गेलं. नारळ फोडला तो कुजका निघाला. एरवी एलोजी म्हणाला असता, अबा, तुझ्या डोक्यावर फोडायला पाहिजे होता.

आणि या सगळ्या काळात विजेची गार कपाटं, म्हणजे फ्रिज, येत होती. हप्त्यावर, लॉटरीत, तेल अव्हिवच्या नातेवाइकांकडून जुनी. दोघं साडू खिडक्यांखाली घसा फोडून एकमेकांचे भाव पाडत होते आणि वर एकेक खिडकी मिटत होती. पहिलं कपाट घेतलं बतशेवाने. स्वस्त बर्फातून वाचलेल्या पैशांतून पहिला हप्ता दिला, असं तिने मोठ्या प्रेमाने अबाजींना सांगितलं आणि आतलं बर्फासारखं गार पाणी प्यायला दिलं. ते प्याले. चांगलं होतं.

हिवाळ्यात एलोजींनी खेचर विकलं आणि ते कापडाच्या गिरणीत लागले. हे अबाजींना लॉरीवाल्याकडून कळलं.

चौसष्टच्या वसंतात यिगाल पुन्हा आला, या खेपेला उभाच राहिला. त्याने बायकांना विचारलं होतं. भाव उतरले होते, माल सुधारला होता. डिमोनाचं उदाहरण त्याने वरिष्ठांना कळवलं होतं आणि ते खूश होते. तो खरंच चांगला पोरगा होता, अबाजींचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. मग जरा घसा साफ केला. एक अडचण होती. गावातला सगळा बर्फ आता एकट्या अबाजींच्या हातात होता. कायद्याच्या भाषेत ही मक्तेदारी, आणि मक्तेदारावर नजर ठेवावी लागते. त्यांनी मनाला येईल तसा भाव वाढवू नये, गिऱ्हाइकाला विनाकारण नाही म्हणू नये, आणि एखादा नवा स्पर्धक धंद्यात येऊ पाहील तर त्याची वाट अडवू नये. “येऊ दे,” अबाजी म्हणाले. “कोण येतोय का?” शुलामितने हे हिब्रूत केलं तेव्हा यिगालने खिडकीबाहेर पाहिलं, जणू खरंच कोणी येताना दिसेल.

त्या दिवशी अबाजींनी गाडी जुंपलीच नाही. दिवसभर पलंगावर पडून ते वाक्यं जुळवत राहिले. संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो, डिमोनात सगळी माणसं दारं उघडून त्याच्यासाठी बसतात, तेव्हा ते उठले, धुतलेला सदरा घातला आणि रस्ता ओलांडून पायी एलोजींच्या दारापर्यंत गेले. एलोजी उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसले होते. पहिली पाळी करून आलेले. भुवयांत कापूस अडकलेला, बनियनवर कापूस, जणू कोणी त्यांना थोडं थोडं पांढरं करत आणलं होतं. आत योखेवेद भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं आणि पुन्हा घासू लागली. अबाजी दारात उभे राहिले आणि दिवसभर जुळवलेलं सगळं, एक शब्द न गाळता, बोलून गेले. ही बाजू तुझी. उद्यापासून मी इकडे येत नाही. खेचर मी घेऊन देतो, नाहीतर माझं घे. गिऱ्हाईक राहिलेलं नाही हे मला माहीत आहे, पण जी काय चार दारं आहेत त्यांतली दोन तुझी. आणि या वेळेला आपण ठरवू, एलू. उघड, रस्त्यात उभं राहून, मोठ्याने ठरवू. घालू दे आत. दोघांना एकाच कोठडीत घालतील, तिथे तरी बोलता येईल. बर्फाविषयी बोलू. माझ्या बापाने एकदा काय केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तो बरोबर होता की चूक, हे मला कळेनासं झालंय, आणि विचारायला दुसरं कोणी नाही.

एलोजींनी सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटलेले होते, पण झोपलेले नव्हते; मध्ये एकदा त्यांनी भुवईतला कापूस काढला, बोटांत चोळला आणि उडवला. तो उडाला नाही, गुडघ्यावरच बसला. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“अबाजी,” ते म्हणाले, अगदी सौम्यपणे, “जरा बाजूला उभे राहता का? वारा अडतोय.”